मोगऱ्यातला र, राहून गेलेली छाटणी आणि २७ फेब्रुवारी

गोदाकाठची (४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०)

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षे मी माझे लेखन स्वतःच प्रकाशित करते आहे. नाशिकला आमच्या इमारतीच्या गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या आहेत आणि माझे बहुतेक लेखन त्या कुंड्यांभोवतीच फिरत आले आहे. पहिले पुस्तक चार वर्षांपूर्वी निघाले, दुसऱ्याची मुद्रिते, म्हणजे तपासायची कच्ची छापील पाने, सध्या टेबलावर आहेत. ही दोन पुस्तके आणि एक मोगरा या महिन्यात एकमेकांत असे अडकले आहेत की येत्या आठवड्यात मला एक निर्णय घ्यावाच लागेल, म्हणून आपल्याशी बोलते आहे.

माझा दिवस कसा जातो ते आधी सांगते, म्हणजे अडचण समजेल. पहाटे पाच ते साडेसात मी लिहिते. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ऊन आले की वही मिटते आणि झारी हातात घेते. माघात नाशिकला सकाळी अजून शाल लागते, पण दुपारी बाराला गच्चीची फरशी तापलेली असते, त्यामुळे पाणी, खत, छाटणी, पेरणी असे जे काही करायचे ते नवाच्या आत उरकावे लागते. दुपारनंतरचा वेळ प्रकाशकाचा: छापखान्याला फोन, मुखपृष्ठाचे रंग, वाचकांच्या मागण्या, पाकिटे बांधणे, हिशेब. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्याला ही दोन माणसे एकाच अंगात सांभाळावी लागतात, आणि माझा अनुभव असा की प्रकाशक लेखिकेच्या वेळेत हमखास शिरतो, लेखिका मात्र प्रकाशकाच्या वेळेत कधी शिरत नाही. या वर्षी तो बागेच्याही वेळेत शिरला.

ज्यांच्याकडे मोगरा आहे त्यांना त्याचे वेळापत्रक ठाऊक असेल. डिसेंबरात पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, जानेवारीच्या मध्याला छाटणी करायची, उरलेली पाने ओरबाडून काढायची, कुंडीतली माती उकरून शेणखत घालायचे आणि मगच भरपूर पाणी सुरू करायचे, म्हणजे मार्चअखेर झाड कळ्यांनी भरते. यंदा पाणी वेळेवर तोडले, परंतु १२ जानेवारीला मुद्रितांचा गठ्ठा आला आणि छाटणी राहून गेली. आज फेब्रुवारीची चार तारीख आहे, झाड तहानलेले, जुन्या पिवळट पानांनी भरलेले तसेच उभे आहे, आणि मी त्याला पाणीही देऊ शकत नाही व कात्रीही लावलेली नाही.

आता पहिल्या पुस्तकाविषयी. ते मी घरी युनिकोडमध्ये टंकले होते. छापखान्याने ते त्यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित करून पाने लावली. मी मुद्रिते पडद्यावरच वाचली, तीही दोन दिवसांत, कारण प्रकाशनाची तारीख ठरली होती आणि निमंत्रणे गेली होती. तीनशे प्रती घरी आल्यावर पहिली प्रत उघडली ती नेमकी मोगऱ्याच्या लेखावर. तिथे छापले होते ‘मोगर्याच्या कळ्या’. य च्या डाव्या अंगाला विळीच्या पात्यासारखा वाकलेला जो अर्धा र हवा होता, त्याच्या जागी य च्या डोक्यावर रफार बसलेला. पुढे ‘दुसर्या दिवशी’, ‘कोपर्यातली कुंडी’, ‘वार्यावर’. त्या एका लेखात हा र एकेचाळीस वेळा आला होता आणि एकेचाळीस वेळा चुकला होता. मी शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत घातले. त्या चिठ्ठ्या आजही वाचक पुस्तकखूण म्हणून वापरतात, हे त्यांनीच मला प्रेमाने सांगितले आहे, पण माझ्या मनातून ते पान जात नाही.

दुसरे पुस्तक १४८ पानांचे आहे. मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, ते प्रसिद्ध व्हावे अशी इच्छा होती. कुसुमाग्रजांच्या गावात राहून, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांवर वाढून, त्या दिवशी आपले पुस्तक वाचकाच्या हाती द्यावे असे कुणाला वाटणार नाही? परंतु २० जानेवारीला मुद्रितात पुन्हा तोच र दिसला. घाईघाईने मी संगणकावर सरसकट बदल केला: जिथे ‘र्य’ तिथे ‘ऱ्य’. मोगरा सुधारला आणि सूर्यफुलाचे ‘सूऱ्यफूल’ झाले, ‘पर्यंत’चे ‘पऱ्यंत’ झाले. ती फाईल टाकून दिली. चुकलेल्या पानांच्या सुरळ्या करून त्यांत माती भरली आणि दुधी-कारल्याचे बी टोकले आहे. खिडकीत ओळीने उभ्या त्या सुरळ्यांवर ‘सूऱ्यफूल’ रोज वाचावे लागते.

माझे प्रश्न असे. २७ तारीख धरावी की सोडावी? हा र कायमचा कसा सुधारावा? आणि मोगरा आता छाटला तर चालेल का?

---

जुळारी (४ फेब्रुवारी, दुपारी ३:२०)

ताई, मी आयुष्याची सुरुवात शिशाचे खिळे जुळवण्यापासून केली आणि आता संगणकावर पाने लावतो, त्यामुळे तुमचे दुखणे मला ओळखीचे आहे. त्याचे मूळ सांगतो.

तुमचा वाकडा र संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. पहिल्या रीतीत नुक्ता (खाली टिंब) दिलेला ऱ, त्याला हलन्त (अक्षर अर्धे करणारे चिन्ह) आणि मग य. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. दोन्ही रीतींनी पडद्यावर ‘ऱ्य’ सारखाच दिसतो, म्हणून टंकणाऱ्याला फरक कळत नाही. रूपांतर करणारी आज्ञावली ते न दिसणारे चिन्ह निरुपयोगी समजून गाळून टाकते. मग उरतो साधा र, हलन्त आणि य, आणि त्या तिघांचा देवनागरीच्या नियमाप्रमाणे रफारच होतो. थोडक्यात, तुमचा मजकूर दुसऱ्या रीतीने टंकलेला असावा.

उपाय रूपांतराच्या आधी करायचा असतो. मूळ युनिकोड फाईल उघडा आणि तिच्यात ‘र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह’ एवढाच क्रम शोधून त्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घाला. सूर्य, पर्यंत, कार्य, मर्यादा यांत ते जोडचिन्ह मुळातच नसते, म्हणून त्यांना धक्का लागत नाही. तुम्ही हा बदल रूपांतर झाल्यावर केलात. तोवर दोन्ही प्रकारचे र एकरूप झालेले होते आणि त्यांना वेगळे करणे यंत्राच्या हातात राहिले नव्हते. आणखी चांगला मार्ग म्हणजे रूपांतरच टाळणे. पाने लावण्याच्या आजच्या आज्ञावल्या युनिकोड देवनागरी नीट हाताळतात; छापखान्याला तसे आग्रहाने सांगा.

यानंतरही माणसाचे वाचन लागतेच, कारण काही जोड्यांत दोन्ही रूपे शुद्ध असतात. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत एकदा गुरू येतात आणि एकदा स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. इथे कोणतीही आज्ञावली मदत करणार नाही.

पानांविषयीही एक सूचना आहे. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा, सोळा पानांचा. १४८ पाने म्हणजे नऊ फर्मे आणि वर चार पाने. ऑफसेटवर छापणार असाल तर त्या चार पानांसाठी विनाकारण खर्च होईल; एखादा लेख आवळून १४४ वर आणा. आणि अंतिम मुद्रित कागदावर काढून, पट्टी धरून, ओळीओळीने वाचा. पडद्यावर डोळा शब्दाचा आकार ओळखून पुढे सरकतो.

---

वसईचा मळेकरी (४ फेब्रुवारी, रात्री ८:०५)

मोगऱ्याविषयी मी बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या मोगरा आणि सोनचाफा दादरच्या फूलबाजारात पाठवत आल्या आहेत.

छाटणी उद्याच करा. तीन आठवड्यांचा उशीर झाला म्हणून हंगाम हातचा जात नाही, तो तेवढा पुढे सरकतो. फक्त एक पथ्य पाळा. जानेवारीत जेवढी खोल छाटणी करता तेवढी आता करू नका, कारण पुढे ऊन चढत जाणार आहे आणि कोवळ्या फुटव्याला ते सोसत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या काढा, वाळलेले सगळे काढा, मुख्य फांद्यांची टोके एक तृतीयांशापर्यंत मागे घ्या. कात्री डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून फुटवा येतो त्या जागेच्या, वर अर्धा बोट अंतरावर, तिरकी लावा. कापलेल्या जागी आत हिरवट ओली कड दिसली तर फांदी जिवंत आहे. तपकिरी कोरडा गाभा दिसला तर आणखी खाली या. उरलेली पाने हाताने उलट्या दिशेला ओढून काढा. पहिले पाणी एकदम भरपूर देऊ नका. ताणावर असलेल्या झाडाला पहिल्या दिवशी अर्धी झारी, तिसऱ्या दिवशी पूर्ण. साधारण दीड-दोन महिन्यांत कळी यावी.

दुधी-कारल्याच्या सुरळ्या उत्तम. नाशिकची रात्र अजून थंड असल्याने उगवण सावकाश होईल, म्हणून सुरळ्या रात्री घरात घ्या. रोपाला बीजदलांनंतरची दोन खरी पाने आली की सुरळीसकट मोठ्या कुंडीत लावा, मुळे मुळीच हलवू नका. कारल्याचे कवच कठीण असते. पुढच्या वेळी बी दिवसभर भिजवून टोका. गच्चीवर मधमाश्या कमी असतील तर दुधीचे परागीभवन हाताने करावे लागेल. त्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा ज्या फुलाच्या देठाशी लव असलेला इवलासा दुधी दिसतो त्या मादी फुलावर नर फूल हलकेच टेकवा.

आणि मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीकडे लक्ष ठेवा. थंडी ओसरताना शेवंतीच्या शेंड्यांवर आणि मिरचीच्या पानांखाली तो धरतो. ढालकिडे दिसले तर फवारणी करू नका, ते मावा खातात.

---

पंचगंगा (५ फेब्रुवारी, सकाळी १०:३०)

मी कोल्हापूरचा. स्वतः काढलेली माझी चार पुस्तके आहेत, आणि २७ तारखेच्या प्रश्नावर माझे मत सांगतो. तारीख इतक्या सहजपणे सोडू नये. मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे वितरक असतो, जाहिरात असते, दुकानातली मांडणी असते. आपल्याकडे यांपैकी काहीच नसते, आणि म्हणून ज्या दिवशी वाचक स्वतःहून मराठी पुस्तक शोधत असतो तो दिवस आपल्यासारख्यांना फार मोलाचा असतो. माझ्या तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षातल्या विक्रीपैकी जवळजवळ निम्मी विक्री २७ फेब्रुवारीच्या आठवड्यात झाली होती. आपण डिजिटल पद्धतीने पन्नासच प्रती छापून त्या दिवशी द्याव्यात आणि उरलेल्या प्रती सावकाश ऑफसेटवर काढाव्यात, असे मी सुचवतो. डिजिटलला प्रतीमागे खर्च जास्त येतो, हे खरे. पण घरात गठ्ठे पडून राहात नाहीत.

पोस्टाविषयीही सांगतो, कारण नवीन लोक यात अडखळतात. पूर्वी आपण ज्या रजिस्टर्ड बुक पोस्टवर अवलंबून होतो ते डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा मी खरोखर हवालदिल झालो होतो. मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असा दर जाहीर झाला, वर कर. १४४ पानांचे डेमी पुस्तक पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे ते पहिल्याच टप्प्यात बसते. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असणे आवश्यक आहे, ते विसरू नका.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, लेखक-प्रकाशक म्हणून स्वतः अर्ज करता येतो. राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो, कुणाला पैसे देऊ नका, आणि छापील व ई-पुस्तकासाठी वेगवेगळा क्रमांक घ्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. कित्येक स्वयंप्रकाशक हे करत नाहीत. मी मात्र त्या चार प्रती सर्वांत आधी बाजूला काढतो. आपल्या घरी वाळवी लागेल, पूर येईल, आपण नसू. तिथे पुस्तक राहील.

---

गोदाकाठची (५ फेब्रुवारी, दुपारी २:१५)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार.

आज सकाळी मोगरा छाटला. पहिल्या तीन फांद्यांत तपकिरी गाभा लागला तेव्हा काळजात धस्स झाले, पण बोटभर खाली आल्यावर हिरवी कड दिसली. अर्धी झारी पाणी दिले.

जुळारीकाका, मूळ फाईलमध्ये आपण सांगितलेला क्रम शोधला. तो तीनशे बारा ठिकाणी सापडला. सूर्य एकाही ठिकाणी हलला नाही. सहा वर्षांत हे मला कुणीच सांगितले नव्हते.

पंचगंगा, आपले म्हणणे मी रात्रभर मनात घोळवले. पन्नास प्रतींचा मार्ग व्यवहाराला धरून आहे. तरीही मला भीती वाटते ती अशी की त्या पन्नास प्रती माझ्या सर्वांत जवळच्या, सर्वांत आधी येणाऱ्या वाचकांच्या हातात जातील, आणि मागच्या वेळी चुकीची प्रत नेमकी त्यांच्याच हातात गेली होती. घाईचे पुस्तक त्यांनाच दुसऱ्यांदा कसे देऊ?

---

तालुका ग्रंथपाल (५ फेब्रुवारी, सायंकाळी ६:५०)

हा धागा वाचून राहवले नाही, म्हणून ग्रंथालयाच्या बाजूने थोडे लिहितो. आमचे ‘ब’ वर्गाचे शासनमान्य वाचनालय आहे. अनुदानातून होणारी ग्रंथखरेदी आम्हाला मार्चअखेर पूर्ण करून तिचा हिशेब ठेवावा लागतो, त्यामुळे फेब्रुवारी आणि मार्च हे आमच्याकडे पुस्तके घेण्याचे महिने. एप्रिलमध्ये आलेले पुस्तक कितीही चांगले असले तरी ते पुष्कळदा पुढच्या खरेदीपर्यंत थांबते. ताईंनी निर्णय घेताना हे ध्यानात घ्यावे.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. तुमच्या पहिल्या पुस्तकाची प्रत आमच्याकडे आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी केव्हाच हरवली. मोगऱ्याच्या लेखात कुणा वाचकाने, बहुधा एखाद्या निवृत्त शिक्षकांनी, प्रत्येक चुकलेला र शिसपेन्सिलीने सुबकपणे दुरुस्त केला आहे. शेवटच्या एकेचाळिसाव्या ठिकाणापर्यंत. लेख न आवडता कुणी एवढे कष्ट घेत नाही. आमच्याकडे पुस्तक वीस-वीस वर्षे फिरते. खरेदीचे एक वर्ष चुकले तर आमची फारशी अडचण होत नाही. बांधणी तेवढी चांगली करून घ्या. नुसती डिंकावर चिकटवलेली पाने दहा वाचकांनंतर सुटतात. फर्मे शिवून घेता आले तर पाहा.

---

गोदाकाठची (६ फेब्रुवारी, पहाटे ५:२०)

ही माझी लिहिण्याची वेळ आहे आणि या वेळेत मी आंतरजालावर येत नाही, पण ग्रंथपाल महोदयांचा प्रतिसाद वाचल्यावर झोप लागली नाही. ज्यांनी ती पेन्सिल चालवली त्यांना माझा नमस्कार पोचवता आला तर पोचवावा.

निर्णय घेतला आहे. २७ तारखेला पुस्तक निघणार नाही. त्या दिवशी आमच्या वसाहतीतल्या वाचनकट्ट्यावर मी नव्या पुस्तकातला एक लेख वाचून दाखवीन आणि मागणी नोंदवून घेईन. पुस्तक १४४ पानांवर आणून, युनिकोडमध्येच पाने लावून घेऊन, कागदावर तीन वाचने झाल्यावर ऑफसेटला देईन; तीनशेऐवजी दोनशे प्रती, फर्मे शिवून. पाडवा उलटला तरी चालेल. मार्चची ग्रंथखरेदी हुकेल, त्याचे वाईट वाटते आहे आणि त्याने पैशाची ओढाताण होईल, हेही खरे आहे.

---

पंचगंगा (६ फेब्रुवारी, सकाळी ९:००)

मी अजूनही पन्नास प्रती छापल्या असत्या. पण आपले कारण पटले. माझी एक प्रत नोंदवून ठेवा.

---

गोदाकाठची (२२ मार्च, रात्री ९:३०)

ज्यांनी विचारले त्यांच्यासाठी लिहिते. दुधीचे सहापैकी चार वेल लागले, कारल्याचे दोनच. परवा संध्याकाळी पहिल्या मादी फुलावर नर फूल टेकवले. दुधी धरला की नाही ते दोन-तीन दिवसांत कळेल. मिरचीवर मावा आला होता, ढालकिडे दिसले, म्हणून फवारले नाही. मोगऱ्याच्या छाटलेल्या प्रत्येक फांदीला डोळे फुटून जोडपाने आली आहेत आणि दोन शेंड्यांवर मोहरीएवढ्या कळ्या आहेत.

मुद्रितांचे तिसरे वाचन आज संपले. या वेळी मी मूळ प्रत मोठ्याने वाचत होते आणि माझी धाकटी बहीण पट्टी धरून मुद्रित पाहत होती. मोगरा सगळीकडे नीट आहे. पान ९१ वर तिने मला थांबवले. ब्रह्मगिरीच्या वर्णनात ‘पावसाळ्यात या दर्या धुक्याने भरतात’ असे राहून गेले होते. ते मीच टंकताना चुकले होते, यंत्राचा त्यात काही दोष नव्हता. लाल पेनाने तिथे वाकडा र काढला आणि पान उद्या छापखान्यात जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवले.